शेवटचा पेड आधी

"बाई, तुमची वेणी अजून तुमची आई घालते, आणि त्या डावऱ्या आहेत."

सरांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, या बसा नाही, नाव काय नाही. मी शिक्षकखोलीच्या दारात नवी कोरी साडी सावरत उभी होते, आणि हे माझ्या पाठीमागून आलं. गणित शिकवण्याबद्दल कोण काय विचारील त्याची उत्तरं मी घरून पाठ करून आले होते. याचं उत्तर त्यात नव्हतं. आई डावरी होती हे खरं. नोकरीला लागलेल्या मुलीची वेणी अजून आई घालते हेही खरं. पण ते पहिल्याच दिवशी सगळ्या स्टाफला कळावं असा काही माझा बेत नव्हता.

सरांचं नाव इथे सांगत नाही. बडोद्यात आमच्या शाळेत शिकलेल्या बायका ते न सांगता ओळखतील, आणि बाकीच्यांना सांगून काय उपयोग? मुली त्यांना वेणीसर म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते माहीत होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. माणूस बुटका, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि डोक्यावर औषधालाही केस नाही. पंचविशीतच गेले म्हणे. शर्टाच्या खिशात पेन नसे, तीन रंगांच्या सुतळ्या असत.

सर माणसं पाठीमागून ओळखत. जिन्यात समोरासमोर गाठ पडली तर खांबाजवळून जावं तसे जात. पण मी पुढे गेले की मागून हाक यायची, "काय बाई, आज घाईत का? मधला पेड सैल राहिलाय." मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी एकदा अंबाडा बांधला, तर सर दिवसभर त्यांना पालक समजून अहो-जाहो करत होते. तसे ते मोठ्या बाईंना रोजच अहो-जाहो करत, पण त्या दिवशी खुर्चीही दिली.

हा नाद कुठून लागला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "घरात चार बहिणी, आरसा एक, आईला हात दोन. तिसरी बहीण माझ्या वाटणीला आली." एवढंच. त्या तिसऱ्या बहिणीच्या लग्नापर्यंत रोज सकाळी हे तिची वेणी घालत होते. सासरी आता तिची वेणी कोण घालणार ही काळजी त्यांनी पाठवणीच्या वेळी नवऱ्या मुलाला बोलून दाखवली. त्या भावोजींनी त्यांच्याशी पुढे कायम जपून बोलणं ठेवलं.

शिकवायचे मात्र काय! फळ्याशेजारी नकाशाचा खिळा होता, त्यावर तीन दोऱ्या टांगायचे. "डावा मधल्यावरून गेला, त्याचं नाव क. उजवा मधल्यावरून गेला, त्याचं नाव ख. झालं. आता तुमच्या आईने सकाळी तुमच्या डोक्यावर काय केलं ते वहीत लिहा." आठवीच्या मुली आपापली वेणी लिहायच्या, क ख क ख क ख, एकदम ओळभर. "आता ही सोडा." मुली वेणीला हात घालायच्या. "हाताने नाही, कागदावर!" मग उलटीकडून लिहायचं. जे शेवटी घातलं ते आधी काढायचं, आणि वरून गेलेलं असेल तर वरूनच मागे आणायचं. "डब्याचा वरचा कप्पा शेवटी ठेवता, पण जेवताना आधी काढता की नाही? तसं. शेवटचा पेड आधी." बीजगणिताच्या नावाने थरथरणाऱ्या मुली सरांच्या हाताखाली कंसांचे कंस सोडवायला लागल्या. पुढे त्यातल्या दोघी-तिघी गणितातच मोठ्या झाल्या. वेणी एकीनेही ठेवली नाही, हे सर न चुकता सांगत.

शेवटचा पेड आधी, हा त्यांचा सगळ्या दुखण्यांवरचा काढा होता. शिपायाने किल्ल्यांचे जुडगे एकात एक अडकवले, शेवटचा पेड आधी. दोन बायांचं भांडण झालं, तर पहिला शब्द कोण बोललं हे त्यांना नको असे. शेवटचा कोण बोललं, ते सांगा. कात्री त्यांच्या घरात नव्हती. "कात्री म्हणजे उत्तर नव्हे, बाई. कात्री म्हणजे कोरा पेपर देणं." उत्तरायणात आम्हा बडोदेकरांच्या गच्च्यांवर मांज्याचे गुंते पडतात ते लोक तोडून फेकतात. सर ते गोळा करून घरी आणायचे. संक्रांतीचा गुंता होळीपर्यंत पुरायचा. सुटलेला मांजा नीट गुंडाळून शेजाऱ्यांना परत द्यायला जायचे, तेव्हा ते पिचकाऱ्या शोधत असायचे.

सर घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचे, एकटे. तेव्हा केबल नवीन होती. केबलवाल्याने पोळभर या गच्चीवरून त्या गच्चीवर तारा ओढल्या होत्या, विजेच्या तारेवरून, टेलिफोनच्या खालून, कपड्यांच्या दोरीला वळसा घालून. एका संध्याकाळी सगळ्या पोळातलं चित्र गेलं. कोणाच्या तरी मालिकेत कोणीतरी मरायला टेकलं होतं. केबलवाला पक्कड घेऊन आला, गुंता तोडतो आणि नवी तार टाकतो म्हणाला. सर खाली उभे राहिले आणि त्याला तोडू देईनात. "आ उपरथी गयो के नीचेथी? पहेलां आ काढ." बिचारा दर गच्चीवर चढून-उतरून घामाघूम. तार सुटली, एक टाका न तोडता. मालिका तोवर संपली होती. कोण मेलं ते पोळाला दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारून कळलं. पुढे बरेच दिवस सरांशी कोणी बोललं नाही. ते सरांच्या लक्षात आलं नाही.

त्याच वर्षांत केस कापायची साथ आली. मी राहायची गोत्रीला. तिथे सोसायट्या वर यायच्या आत पार्लरच्या पाट्या वर आल्या. सर एकदा चहाच्या सुट्टीत म्हणाले, "देशाने दारं उघडली, मान्य. परदेशी साबण आले, तेही मान्य. पण केस का कापले?"

अर्थशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "वेळ वाचतो, सर."

"वाचलेल्या वेळात काय करतात?"

"टीव्ही बघतात."

"टीव्हीवर काय?"

"शॅम्पूच्या जाहिराती," मी म्हटलं.

"त्यात केस लांब असतात ना?"

"हो."

सरांनी चहा संपवला आणि ते वर्गावर गेले.

आता जे सांगायचं ते स्पष्टच सांगते. बायकांच्या पाठीकडे बघत फिरणारा पुरुष म्हटलं की कोणाच्या मनात काय येईल ते माझ्याही मनात आलं होतं. बाईला पाठीलाही डोळे असतात. पहिला महिनाभर मी ते उघडे ठेवले होते. सरांची नजर रिबिनीपाशी सुरू व्हायची आणि रिबिनीपाशी संपायची. तिच्या अलीकडे-पलीकडे कोण आहे याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. मांडवीच्या बाजारात एका म्हशीच्या गळ्यातल्या दाव्यामागे त्यांना याच भक्तिभावाने उभं राहिलेलं मी पाहिलंय. माझी खात्री पटली. पण मला ती पटायला महिना लागला, आणि मी तर त्यांच्यासोबत रोज चहा प्यायची. रस्त्यातल्या बाईला हे कुठून कळावं?

नको ते व्हायचं होतं ते नवरात्राच्या आधी झालं. संध्याकाळची वेळ, मांडवीत पाय ठेवायला जागा नाही. मी पिना घ्यायला उभी होते. समोरून एक बाई गेल्या आणि पिनवालीसकट आम्ही दोघींनी मान वळवली, अशी त्यांची वेणी. गुडघ्याला टेकेल अशी लांब, आणि चटईसारखी रुंद, सपाट. असली वेणी मी आधी पाहिली नव्हती. तेवढ्यात हातात रिकामी भाजीची पिशवी घेतलेले सर समोरून गेले. ओठ हलत होते. क ख चालू आहे हे मी ओळखलं. हाक मारावी तर एवढ्या गर्दीत ऐकू कोणाला येणार? मी पिना टाकल्या आणि निघाले. पुढे त्या, मागे सर, त्यांच्या मागे मी, अशी वरात घडियाळी पोळाच्या तोंडाशी आली. तिथे त्या बाई गर्रकन वळल्या.

बडोद्याचा मराठी माणूस घरात मराठी बोलतो आणि रस्त्यात भांडतो गुजरातीत, कारण माणसं जमायला हवीत. "शुं छे, काका? क्यारना पाछळ पाछळ केम आवो छो? माथे टाल पडी गई, तोय शरम नथी?" केव्हाचे मागे मागे येताय, डोक्याला टक्कल पडलं तरी लाज नाही, असं.

माणसं जमली. कापडवाला गज हातात घेऊन बाहेर आला. सर एखादं वाक्य जरी बरं बोलले असते तरी निभावलं असतं. सर म्हणाले, "बेन, पांच छे के छ?"

पाच की सहा, हे त्यांना पेडांबद्दल म्हणायचं होतं. जमलेल्यांना काय वाटलं ते विचारू नका. मी आगीत तेल नको म्हणून पुढे झाले आणि सांगितलं, अहो, हे गणिताचे सर आहेत, आमच्या शाळेचे. तर आगीतून फुफाट्यात. "मास्तर थईने!" मास्तर असून असं, म्हणून कापडवाला ओरडला, आणि त्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. शाळेचं नाव ऐकून त्या मराठीत म्हणाल्या, "माझी मुलगी तिथे आठवीत आहे."

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या. चूक होती का त्यांची? मुळीच नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही आले असते, आणि आवाज याहून चढा असता.

शाळेच्या समितीपुढे मला साक्षीला बोलावलं. सर त्यांच्या मागे चालत होते का? होते. का? वेणीसाठी. समितीतल्या गृहस्थांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मला एक गोष्ट सुचली. मी म्हटलं, सर राहतातच घडियाळी पोळात, तो त्यांचा घरचा रस्ता आहे. मोठ्या बाईंच्या जिवात जीव आला. त्यांना सर हवे होते. त्या वळून म्हणाल्या, "हे बघा, म्हणजे सर, तुम्ही आपले घरीच चालला होतात. हो ना?"

नुसती मान हलवायची होती हो! समोर बसलेल्या त्या बाईसुद्धा उठायच्या बेतात होत्या.

"नाही," सर म्हणाले. "घरी जाण्याआधी भाजी घ्यायची होती. ती राहिली. मी वेणीमागेच गेलो. या ताईंचं बरोबर आहे."

सरांना वर्ग बंद झाले. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. तेवढे दिवस त्यांनी वेळापत्रक बघायचं आणि घंटेच्या खोलीत बसून घंटा द्यायची असं ठरलं. त्यांची दहावी माझ्या गळ्यात आली. पगाराला, पेन्शनला धक्का नव्हता, त्यामुळे समितीला वाटलं आपण फार दयाळू आहोत. पण सरांना दुसरं काही नकोच होतं. शेवटची दहावी बोर्डापर्यंत न्यायची आणि त्या वर्गाच्या दारातून घरी जायचं, एवढंच त्यांनी मागितलं असतं. आणि नाव गेलं ते वेगळंच. पोळात ते आले की ओट्यावरच्या बायका आत जायच्या. वर्गावरून वर्गावर जाणाऱ्या मुली घंटेच्या खोलीपाशी आल्या की वेण्या पुढे ओढून घ्यायच्या. कोणी शिकवलं होतं त्यांना? कोणी नाही. हवेतूनच येतं ते.

सरांनी मान खाली घातली ती घातलीच. रस्त्याने जमिनीकडे बघत चालायचे. दोनदा स्कूटरखाली यायचे वाचले. मी रागावले तेव्हा म्हणाले, "बडोद्यातल्या चपलांची बरीच माहिती झाली, बाई. काही पट्टे विणलेले असतात. पण तिथेही फार वेळ बघणं बरं दिसत नाही."

मी हसले, आणि घंटेच्या खोलीबाहेर येऊन मला फार वाईट वाटलं.

आमच्या शाळेच्या संमेलनात दरवर्षी गोफ असतो. स्टेजच्या छताला कडी, कडीला आठ रंगांच्या आठ लांब पट्ट्या, आणि खाली एकेक पट्टी धरून आठ मुली. गाणं सुरू झालं की नाचत नाचत एकमेकींच्या आतून-बाहेरून जायचं. वर पट्ट्यांची वेणी विणली जाते. निम्मं गाणं झालं की सगळ्यांनी एकदम उलट वळायचं आणि तीच वेणी नाचत सोडायची. विणणं कोणालाही जमतं. सोडणं म्हणजे खरा गोफ. तो बसवायचे सर. त्या वर्षी सरांना मनाई, म्हणून तोही माझ्याकडे. आणि आठ मुलींत पिवळी पट्टी होती त्या बाईंच्या मुलीची.

संमेलनाच्या दिवशी पालक खच्चून भरले होते. त्या बाई पुढच्याच रांगांत होत्या. वेणीवरून पदर घट्ट ओढून घेतलेला. त्या दिवसापासून त्या तशाच असत. सर घंटेच्या खोलीकडच्या दाराशी, नजर फरशीवर. गोफ विणला अगदी देखणा. सगळ्या वळल्या. सोडायला लागल्या. टाळ्या पडायला लागल्या. आणि मधेच पिवळी पट्टी भलतीकडे गेली, तिला चुकवायला हिरवी थांबली, निळी घाबरून परत फिरली, आणि वर असा काही गुंता बसला की मुलींना हातभरही हलता येईना. गाणं संपलं. आठ मुली छताला बांधल्यासारख्या उभ्या. पिवळीच्या डोळ्यांतून टपटप पाणी.

मंडपवाला कात्री घेऊन स्टेजवर चढला.

"कात्री खाली ठेवा."

आवाज दारातून आला. सर फरशीकडे बघतच पुढे आले. स्टेजच्या कडेशी येऊन थांबले, आणि स्टेजकडे पाठ करून उभे राहिले. मुलींकडे बघायचं नव्हतं ना! पण वळल्यावर समोर सगळ्या आया. तेव्हा त्यांनी नजर वर, पंख्याला लावली.

"सगळ्यांत शेवटी कोण हललं?" त्यांनी पंख्याला विचारलं.

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

"शिक्षा नाही. मला फक्त क्रम पाहिजे."

"निळी, सर," एक मुलगी म्हणाली. "मी परत फिरले."

"कोणाच्या खालून?"

"जांभळीच्या."

"मग जांभळीच्या खालूनच मागे ये. बाकीच्यांनी श्वाससुद्धा जपून घ्या. आली? आता, निळीच्या आधी कोण?"

असं एकेक करून ते मागे मागे गेले. प्रमुख पाहुण्यांनी भाषणाचा कागद खिशात घातला. शेवटी सगळं पिवळीपाशी येऊन थांबलं.

"सर, मी चुकले," ती हुंदका देत म्हणाली. "मी फिरत फिरत माझ्या जागेवर परत आले. मला वाटलं, जागेवर आले म्हणजे माझी सुटली."

"जागेवर परत आलं म्हणजे सुटलं, असं नसतं बाळ," सर म्हणाले. "पुष्कळांना वाटतं तसं. हिरवीच्या वरून गेलीस की खालून?"

"वरून."

"तशीच मागे ये. आणि आता सगळ्या, जशा ठरल्या होत्या तशा."

गाण्याशिवाय, पावलांच्या नुसत्या आवाजात, गोफ सुटला. आठ पट्ट्या सरळ लोंबायला लागल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले तरी सर वळेनात.

"बाई, सरळ आहेत?" त्यांनी मला विचारलं.

"हो सर."

"आठही?"

"आठही."

मग ते दाराबाहेर गेले आणि त्यांनी घंटा दिली. तेव्हा घंटेची वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या बाई शाळेत आल्या. मोठ्या बाईंनी सरांना आणि मला बोलावून घेतलं.

"मी तक्रार मागे घेते," त्या म्हणाल्या.

"घेऊ नका," सर फरशीला म्हणाले. "आत्ता नको."

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "सर, आता बस झालं. ताई मागे घेतायत. तुम्ही उद्यापासून तुमच्या वर्गावर, तुमच्या जागेवर. संपलं!"

"जागेवर येईन. पण संपणार नाही. आधी मी यांच्या मागे गेलो. मग या ओरडल्या. मग तक्रार केली. मग माझा वर्ग गेला. वर्ग शेवटी गेला, तर तो आधी आला पाहिजे."

"तक्रार उभी असताना मी वर्ग देऊ? समितीला काय सांगू?"

"आधी तक्रार काढलीत तर गाठ बसेल. गोफ सोडवला म्हणून बाईंना दया आली, आणि दयेवर मास्तरला वर्ग मिळाला, असं होईल. मी दयेवर शिकवणार नाही."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. पदरात पडत होतं ते घ्यायचं सोडून हा माणूस क्रम लावत बसला होता! मोठ्या बाईंनी नाही म्हटलं असतं तर सर खरोखरच निवृत्तीपर्यंत घंटा देत बसले असते. आणि मोठ्या बाई नाही म्हणणारच होत्या. त्यांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं.

"मोठ्या बाई, द्या वर्ग," त्या ताई म्हणाल्या. "माझी तक्रार आहे तशी आहे. मीच सांगते, माझी तक्रार उभी असताना यांना वर्ग द्या. समितीला माझं नाव सांगा."

त्या क्षणी मला ती बाई फार आवडली.

सरांनी दहावीवर जाऊन धडा पुरा केला. मग ताईंनी तक्रार मागे घेतली. उरलं ओरडणं आणि उरलं चालणं. तेही राहू द्यायला सर तयार नव्हते. गंमत म्हणजे, ताईही तयार नव्हत्या. मला निरोप आला, बाई, तुम्ही तेव्हा होतात, तर तुम्हालाही यावं लागेल.

संध्याकाळी आम्ही तिघं घडियाळी पोळाच्या तोंडाशी उभे राहिलो. ताईंनी खणखणीत गुजरातीत कापडवाल्याला हाक मारली. आजूबाजूचे दुकानदार आपोआप बाहेर आले. "ते दिवसे में आमने जे कह्युं'तुं, ए पाछुं लउं छुं," त्या म्हणाल्या. बोललेलं परत घेते. "टाल विषे पण."

"बेन, टाल तो छे ज," कापडवाला म्हणाला.

"ए भले रही," सर म्हणाले. टक्कल राहू दे, तिची काही तक्रार नाही.

पहिल्यांदा पोळाच्या ओट्यांवरून हसणं ऐकू आलं. बायका आत गेल्या नाहीत.

मग आम्ही उलट निघालो. तेव्हा मी सर्वांत मागे होते, म्हणून आता सर्वांत पुढे. माझ्या मागे सर. सरांच्या मागे ताई. मांडवीची गर्दी तीच. माझ्या मागून काही आवाज येईना म्हणून मी दोनदा मान वळवून पाहिलं. सर खाली मान घालून, ओठ मिटून चालले होते, आणि ताई त्यांच्या टकलाकडे बघत मुकाट्याने मागून येत होत्या. लोक बघत होते. कोणाला काय वाटत होतं देव जाणे.

पिनांच्या दुकानाच्या थोडं पुढे सर थांबले. "इथे," ते म्हणाले.

ताई त्यांच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. आता सगळं सुटलं होतं. सर त्यांच्या मागे गेले नव्हते, त्या ओरडल्या नव्हत्या, काही झालंच नव्हतं. त्या निघून जाऊ शकत होत्या. गेल्या नाहीत. तशाच थांबल्या. सरांची नजर जमिनीवर. हातगाडीवाला आम्हाला वळसा घालून गेला. मला इतकं भरून आलं की मी भर मांडवीत साडीच्या पदराने डोळे पुसले, आणि पिनवालीने मला काय झालं म्हणून विचारलं.

मग सरांनी मान वर केली. वेणीकडे नाही. ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना कोणा बाईच्या तोंडाकडे बघून बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"ताई," ते म्हणाले, "मी तुमची वेणी बघू का?"

"हे तेव्हाच विचारायचं होतंत की, सर."

"हो," सर म्हणाले. "तेव्हा सुचलं नाही."

"बघा," त्या म्हणाल्या, आणि वेणीवरचा पदर बाजूला करून पाठ फिरवून उभ्या राहिल्या.